झुंबरकाकी गाडीत आहे

समुद्र बघायला निघालात म्हणे दोघं? वा रे वा! पंडित, बुराई नदीच्या डबक्यात उतरायचं म्हटलं तरी तुझी माय काठावर उभी राहून हाका मारते, आणि तू समुद्र बघणार! निंबा तर तुझ्याहून शहाणा. पावसात भिजायचं तरी बापाच्या मागं लपून भिजतो. जा, जा, मी कोण अडवणारा? मी चौथी नापास माणूस. फक्त जायच्या आधी तोतारामची गोष्ट ऐकून जा.

कंदील बारीक करा जरा. रॉकेल काय सासऱ्यानं धाडलंय? हां. आता बरं.

तोताराम माझ्या चांगल्या ओळखीचा. आपल्या शिंदखेड्याचाच. ही गोष्ट त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितली, आणि एकदा नाही, मी भेटायला जाईन तेव्हा सांगायचा. कुठं भेटायला जायचो ते पुढं येईल, मध्ये तोंड घालू नका. उरलेली भिकुबाईनं सांगितली, ती त्याच गाडीत होती. मी पदरचं काही घातलेलं नाही. पदर बायकांना असतो, माझ्याकडे उपरणं आहे.

साल एकोणसत्तर. माघ वद्य नवमी, मंगळवार. त्या दिवशी तोतारामला एवढंच एक काम होतं. काकीला समुद्र दाखवून आणायचा.

आपले पन्नालालशेठ, कापडवाले, त्यांना भारी हौस. मंगळवारी दुकान बंद असायचं, म्हणून भाड्याची गाडी ठरवली आणि पंचक्रोशीतल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, सोमवारी रात्री निघायचं, सुरतेच्या पलीकडे समुद्र बघायचा, मंगळवारी रात्री परत. शिंदखेड्यात तेव्हा समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडत नव्हता. सगळा गाव नाव नोंदवायला धावला. तोतारामनं दोन नावं दिली, स्वतःचं आणि झुंबरकाकीचं.

झुंबरकाकी म्हणजे त्याच्या थोरल्या काकाची विधवा. तोताराम रांगत होता तेव्हा त्याची आई गेली, तेव्हापासून ह्याच बाईनं त्याला वाढवलं. शेळीचं दूध पाजून, पाठीला बांधून, पऱ्हाटीत कापूस वेचत. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणूस समोर उभा राहिला तर धूर उभा आहे असं दिसायचं. जीभ मात्र लख्ख. गावानं तोतारामला श्रावणबाळ म्हणायला सुरुवात केली. म्हातारीला खांद्यावर टाकून समुद्रावर नेतोय! मीही म्हटलं. मी म्हणताना हसलो होतो, तेवढाच फरक.

कारण श्रावणबाळाची अडचण मला माहीत होती. त्याची बायको मंदाबाई विहिरीत गेली होती. पाय घसरला असं तोतारामनं सांगितलं, पोलिसांनी लिहून घेतलं, गावानं मान हलवली. काकीनं हलवली नाही. पुढं जेव्हा जेव्हा पाहुणे नवी सोयरीक घेऊन यायचे, तेव्हा काकी ओट्यावरून, आवाज न चढवता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची, "पह्यलीले काय झायं ते ईचारा त्याले. ईहीरना काठ घसरस नही, मानूस ढकलस."

पाहुणे चहा बशीतच ठेवून उठायचे.

तोतारामचे केस आणि वय, दोन्ही हातातून निसटत चाललेले. आणि तेवढ्यात यावलकडचं एक स्थळ चालून आलं. केळीची बाग, एकुलती एक मुलगी, सासऱ्याला जावई घरचा माणूस हवा. त्या गुरुवारी बघायला येणार होते. म्हणजे सहलीनंतर मध्ये एक बुधवार.

आता कळलं का, समुद्र कशाला दाखवायचा होता?

मारायचं वगैरे त्याच्या मनात नव्हतं हो. तोताराम तसा भित्रा. त्याला काकीला फक्त हरवायचं होतं. जत्रेत म्हातारी माणसं हरवतात ना, तशी. परका मुलूख, परकी भाषा, डोळ्यांना दिसत नाही. कोणीतरी धर्मशाळेत नेऊन घालील, दोन घास देईल. आणि इकडं येऊन आपण छाती बडवायची, वाटेत चहाला उतरलो, गर्दीत हात सुटला... काकी गेली... कुठं शोधलं नाही म्हणून विचारा! असं सगळं त्यानं घोकून ठेवलं होतं. रडायचं कुठं, तेही.

काकीला काय माहीत? ती रात्रभर गाडीत जागी. तिचा नवरा तरुणपणी सुरतेला गिरणीत होता, त्यानं समुद्र पाहिला होता. "तुना काका सांगे," ती तोतारामला म्हणे, "त्या पानीले दुसरा काठच नही. खरं शे का रे?"

"आता बघशीलच की काकी."

"माले काय दिसनार? हात लावी देखसू."

सकाळी पोचले. त्या गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा काही गुन्हा नव्हता. आणि आपल्या लोकांनी समुद्र पाहिला रे! भिकुबाईनं तापीची पूजा करतात तशी समुद्राची हळदकुंकवानं पूजा केली, लाटेनं ताटासकट सगळं नेलं, तर ही लाटेच्या मागं धावतेय, "मनं ताट! वं माय, मनं पितळनं ताट!" बापू म्हणून एक होता, त्यानं तांब्या भरून पाणी प्यायलं आणि मग दुपारपर्यंत तो गाडीच्या मागंच बसून होता. पन्नालालशेठची गुलाबबाई चपला हातात घेऊन ओल्या वाळूवर अशी चालत होती, जणू सुनेनं नुकतंच सारवलंय. ड्रायव्हर अभिमन, तो मुंबई-सुरत केलेला, पोट धरून हसत होता.

दुपार झाली आणि पाणी मागं मागं जायला लागलं. अर्धा कोस उघडा पडला. आपल्या लोकांना त्यात काही नवल वाटलं नाही. नदी आटते, तसा समुद्र आटला. माघ महिना, उन्हं तापायला लागलेली, आटायचाच. तिकडं आत, एरवी पाण्यात असतो असा एक काळा खडक होता. त्यावर शेंदूर फासलेला देव, देवाशेजारी बांबू, बांबूला झेंडा. चालत जाता येत होतं, म्हणून सगळे नदीच्या पात्रातून पलीकडच्या गावी जावं तसे चालत निघाले. वाटेत काहींनी वाळूत झिरा सुद्धा खणला, प्यायला गोडं पाणी लागेल म्हणून! आपली माणसं.

काठावर एक नारळ विकणारी बाई बसली होती. ती ओरडून सांगत होती, "पाणी आवशे, भाई! सांज पड्ये पाणी आवशे!"

तोतारामनं वर बघितलं. आभाळ धुतलेल्या परातीसारखं. "पाणी येणार म्हणते," तो म्हणाला. "कुठून? ढगाचा पत्ता नाही. वर पाऊस झाल्याशिवाय पूर येतो का कुठं?"

सगळे हसले. खरंच होतं की ते! आपल्याकडे पाणी यायचं तर आधी डोंगरात विजा होतात, मग लोंढ्याचा आवाज येतो, मग गढूळ पाणी, मग काटक्या, मग मेलेलं ढोर. माणसाला पळायला वेळ मिळतो. पाणी न सांगता, पाऊल न वाजवता, निवळशंख येतं, हे शिंदखेड्याच्या माणसाला कोणी शिकवावं?

खडकावर सगळ्यांनी देव पाहिला. उतरायची वेळ आली तेव्हा तोतारामनं काकीला देवाच्या मागच्या बाजूला, समुद्राकडं तोंड करून बसवलं. तिकडून ती किनाऱ्यावरच्या कोणाला दिसत नव्हती.

"काकी, देवापुढं नारळ फोडायचा राहिला. मी काठावरून घेऊन येतो. तू हलू नको, पाय घसरेल."

"जा बेटा. मी आठेच शे."

बेटा म्हणाली ती. हे तोतारामनं मला सांगितलं तेव्हा तो हसत होता का रडत होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता इथं पन्नालालशेठचा धर्म आडवा आला. जैन माणूस, सूर्य बुडाल्यावर घास घेणार नाही. पश्चिमेला ऊन पिवळं पडायला लागलं तशी शेठनी बोंब ठोकली, "चला, चला, सूर्य जातो आहे! बट्ट्या तुपात घाला! नंतर मला उपाशी ठेवून तुम्ही समोर जेवाल, ते पाप कोण घेईल?" मग काय धावपळ! गोवऱ्यांतून बट्ट्या निघतायत, वरण वाढतायत, कोणाच्या पानात वाळू, कोणाच्या वाळूत पान. कोण जेवलं, कोण राहिलं, बघायला कोणाला सवड? भिकुबाईनं विचारलं, "काकी कोठे शे?" तोताराम बोटं चाटत म्हणाला, "दमली गं. गाडीत झोपलीय. तिचं ताट मीच नेऊन दिलं."

आणि गाडीत त्यानं खरंच सोय करून ठेवली होती. काकीची गोधडी, गोधडीच्या आत तिचं बदलायचं लुगडं आणि दोन पिशव्या, वरून शाल. खिडकीच्या बाजूला तिच्या जागेवर उभं गाठोडं. अंधारात बघणाऱ्याला म्हातारी मुरकुटून झोपलीय असंच वाटावं.

सूर्य गेला. अभिमन ड्रायव्हर कधी माणसं मोजत नसे. मोजली की चुकतं म्हणायचा. त्याची आपली एक रीत. गाडी चालू करायची आणि मागं वळून ओरडायचं, "शेजारी बघून घ्या!" मग ज्यानं त्यानं आपल्या शेजाऱ्याची ग्वाही द्यायची.

"भिकुबाई आहे!" "गुलाबबाई आहे!" "बापू आहे, आणि वास मारतोय!"

तोतारामची पाळी आली. त्यानं सहज खिडकीतून बाहेर बघितलं.

वाळू नव्हती.

ज्या वाळूवरून दुपारी सगळे चालत गेले, तिथं पाणी होतं. सपाट, करडं, आवाज न करणारं. खडक आता ताटाएवढा दिसत होता. बांबू दिसत होता. झेंडा हलत होता. नारळवाली बाई काय ओरडत होती, ते त्याला तेव्हा कळलं.

तेव्हा कळलं बरं का. इथपर्यंत तो लबाड होता. इथून पुढं काय झाला ते तुम्ही ठरवा. तोंड उघडलं असतं तर काठाला होड्या होत्या, कोळी होते, उजेड होता. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं.

"तोताराम, शेजारी?" अभिमन ओरडला.

त्यानं गाठोड्यावर हात ठेवला.

"काकी गाडीत आहे," तो म्हणाला.

गाडी निघाली.

पंडित, हसतोस काय? बरं, हसू नको म्हणत नाही, पुढं हसायला मिळणार नाही.

सुरत गेली. दिवे मागं पडले. वद्य नवमी, चांदण्याचा पत्ता नाही, चंद्र उगवायला मध्यरात्र उलटायची होती. गाडीतली माणसं पोटं भरलेली, दिवसभर वाळू तुडवलेली. डुलायला लागली. तोतारामही डोळे मिटून बसला. यावलची मुलगी डोळ्यांसमोर आणायला बघत होता. ती येईना.

बारडोलीला गाडी चहाला थांबली. समोर पोलीस चौकी, दारात कंदील, बाकावर शिपाई बिडी ओढतोय. तोताराम खाली उतरला नाही. उतरावं कसं? शेजारी काकी झोपलीय ना!

आणि तेव्हा, कानाजवळ, अगदी हळू...

"तोता... पाय वल्ला व्हयनात रे."

त्यानं गाठोड्याकडं बघितलं. गाठोडं गप्प. मागची भिकुबाई घोरत होती. मनाचा खेळ, तो स्वतःला म्हणाला. बाहेर शिपायानं बिडी विझवली आणि आत गेला. गाडी सुटली.

मैलाचे दगड जात होते.

"तोता... तू नारय लेवाले गयता ना? कव्हय येशी?"

त्यानं कानांवर मफलर गुंडाळला. मफलर काय करणार? आवाज बाहेरून येत असता तर उपयोग. तो पुढच्या बाकावरच्या माणसाला हलवून म्हणाला, "काही ऐकू येतं का हो?" माणूस झोपेतच म्हणाला, "इंजिन."

व्यारा आलं.

"गुडघापावत पानी उनं, तोता. आते बठता येत नही. उभी शे मी."

आवाजात राग नव्हता. रडणं नव्हतं. घरात ती जशी सांगायची, चूल पेटली, भाकर झाली, ये जेवाले, तशी सांगत होती. तोताराम मनात हिशेब करायला लागला. आता सांगितलं तर? गाडी उलटी फिरवली तर? पोचायला किती वेळ... आणि पोचल्यावर लोक विचारतील, मग बारडोलीला गप्प का बसलास? मग सुटताना 'आहे' का म्हणालास? प्रत्येक गावाबरोबर उत्तर अवघड होत चाललं होतं. बारडोलीला सांगणं सोपं होतं, सुरतेला त्याहून सोपं, किनाऱ्यावर तर नुसतं बोट दाखवायचं होतं. आता... नवापूर आलं.

"कंबर बुडनी. लुगडं तरंगी राहिनं. लाज वाटस रे माले..."

...

"झेंडानी काठी धरी राहिनू मी."

तोताराम उठला. खरंच उठला, त्यानं मला शपथेवर सांगितलं. तो अभिमनच्या मागं जाऊन उभा राहिला. अभिमननं आरशात बघितलं.

"काय भाऊ? लघवीला?"

तोतारामनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं केळीची बाग आली. हिरवी. लांबच लांब.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

आणि जागेवर येऊन बसला.

कोंडाईबारीचा घाट लागला. दोन्ही बाजूंना जंगल. गाडीचे दिवे फक्त पुढचं वळण दाखवायचे. इंजिन कण्हत होतं. सगळी गाडी झोपलेली. जागा एकटा तोताराम.

"छातीपावत..."

वळण.

"मानपावत उनं, तोता."

वळण.

"तोता."

...

"तो..."

मग काही नाही.

घाट संपला तरी काही नाही. तोताराम ऐकत राहिला. इतका वेळ ज्या आवाजाला तो घाबरला, आता तो यावा म्हणून कान देऊन बसला. गप्प. नुसतं इंजिन. संपलं. तो मला म्हणाला, "नाना, खरं सांगतो, मला बरं वाटलं." सांगताना हात जोडले होते त्यानं.

तेवढ्यात मागं भिकुबाई जागी झाली. आळोखेपिळोखे दिले, तंबाखूची पिशवी सोडली. आणि म्हणाली,

"काय वं काकी, झोप झायी का?"

"झायी माय," गाठोडं म्हणालं. "थोडी तमाखू दे."

...

शालीतून हात बाहेर आला. सुरकुतलेला. पांढरा. बोटांची टोकं फुगलेली, तासन्तास पाण्यात राहिल्यासारखी. भिकुबाईनं त्या तळहातावर चिमूट ठेवली. "वं माय, कितली गार पडनीस!" म्हणाली, आणि स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढून काकीच्या खांद्यावर टाकलं. पलीकडून गुलाबबाईनं विचारलं, "काकी, समुद्र पाहिला का मग?"

"पाह्यना," काकी म्हणाली. "खरंच त्याले दुसरा काठ नही."

तोताराम तिच्या आणि बाकाच्या कडेच्या मध्ये बसला होता. त्याची मांडी तिच्या मांडीला लागत होती. धोतर भिजत चाललं होतं. तो ओरडू शकत होता का? काय ओरडणार? ही इथं नाही म्हणून? शेजारी तर त्यानंच बघून घेतला होता.

पुढं शिंदखेड्यापर्यंत गाडीत गप्पा चालल्या. काकी नवऱ्याच्या गिरणीच्या गोष्टी सांगत होती, लोक हसत होते. भिकुबाई म्हणते, इतकी गोड ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

गाडी चौकात थांबली तेव्हा चंद्राची फोड नुकती वर आली होती. अभिमननं स्वतः काकीचा हात धरून तिला उतरवलं. पन्नालालशेठनी राम राम केला. "तोताराम, नीट ने रे हिला. तुझ्यासारखा पुतण्या मिळायला भाग्य लागतं." सगळ्यांनी त्या दोघांना गल्लीत वळताना बघितलं. तो पुढं, ती मागं. त्याच्या धोतराचा सोगा तिनं धरलेला. लहानपणी तो तिच्या लुगड्याचा धरायचा, तसा.

घराचं दार लागलं. आत काय झालं ते तोतारामनं मला कधी सांगितलं नाही. तेवढं सोडून बाकी सगळं सांगायचा.

भिंतीपलीकडचा जीवराम सांगतो, पहाटेपर्यंत काकीचा आवाज येत होता. ती काहीतरी विचारायची, थांबायची, परत तेच विचारायची. आणि तोताराम, "काकी, पाया पडतो... काकी, पाया पडतो..." मग गुळण्या केल्यासारखा आवाज. बराच वेळ. मग कोंबडा आरवला.

बुधवारी उजाडता उजाडता तोताराम उघडाच चौकात आला आणि ओरडायला लागला, "मी काकीला समुद्रात ठेवून आलो! खडकावर ठेवून आलो! ती गाडीत नव्हती!"

लोक हसले. का नाही हसणार? भिकुबाई म्हणाली, "येडा झाया का? मी तिले तमाखू दिनी." अभिमन म्हणाला, "मी हात धरून उतरवली." पन्नालालशेठ म्हणाले, "आम्ही सगळे साक्षी आहोत." सगळी गाडी साक्षी! मग कोणीतरी सहज विचारलं, "मग काकी आहे कुठं?"

घरात बघितलं. नव्हती. गोधडीत तिचं लुगडं तेवढं होतं, ओलंचिंब, पिळाही न काढलेलं. जीवरामनं रात्रीचे आवाज सांगितले. कोणीतरी मंदाबाईचं नाव काढलं, आणि मग हसणं थांबलं.

समजलं का? काठावरून "नाही" म्हणाला असता तर सुटला असता. आता "नव्हती" म्हणून बोंबलत होता, आणि ती होती म्हणून सांगणारी गाडीभर माणसं उभी होती. फौजदारानं त्या किनाऱ्यावरच्या ठाण्याला तार केली. उत्तर आलं, कोणी म्हातारी मिळालेली नाही, जिवंत नाही, मेलेली नाही. तोताराम पायावर लोळला, मला तिकडं घेऊन चला, खडक दाखवतो. फौजदार म्हणाला, खडक नंतर, आधी तुझं अंगण दाखव.

गुरुवारी अंगण खणायला घेतलं. आणि त्याच वेळी यावलचे पाहुणे आले! फेटे, उपरणी, टोपलीत केळीचा घड. सासरा दारात उभा राहून विचारतो, "तोतारामजींचं घर हेच ना? मुलगा कुठं आहे?" फौजदारानं काठीनं दाखवलं, "हा काय. बेडीत." पाहुणे चहा न घेताच उठले, म्हणजे बसलेच नव्हते. घड मात्र विसरून गेले. पोलिसांनी खाल्ला.

पुढं कोर्ट झालं, जन्मठेप झाली. प्रेताशिवाय झाली म्हणून वकील बरंच भांडला, पण इतके साक्षीदार, आणि एकाचाही शब्द दुसऱ्यापासून फुटत नव्हता. मी तुरुंगात भेटायला जायचो. चेष्टा म्हणून एकदा विचारलं, काय श्रावणबाळ, पाणी कुठवर आलं? तो हसला नाही. हात उचलला आणि हनुवटीखाली आडवा धरला. दुसऱ्या वर्षी तो आत मेला. काय झालं विचारलं, तर कोणी सांगितलं नाही.

अंगणात काही सापडलं नाही. पुरुषभर खोल खणलं, काळी माती, मुरूम, खाली खडक. खड्डा तसाच उघडा सोडला. घर ओसाड, बुजवणार कोण?

मग बाहत्तर साल आलं. तुम्ही तेव्हा चड्डीत होता, पण आठवत असेल. विहिरी तळाला गेल्या, बुराईत वाळू सुद्धा तापली. माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायची. आणि एका सकाळी जीवरामची बायको ओरडत आली, तोतारामच्या खड्ड्यात पाणी आहे! निवळशंख! गल्लीच्या गल्ली हंडे, कळशा, तांबे घेऊन धावली. बायका एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या. भिकुबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं ओंजळ भरली, तोंडाला लावली.

आणि थुंकली.

दुपारी परत जाऊन बघितलं, तर खड्डा कोरडा. संध्याकाळी परत भरलेला. कडेच्या मातीवर पाण्याची रेघ उमटलेली, आणि ती कुठवर होती ते बघायला मी स्वतः खाली उतरलो.

उभा राहिलो तर माझ्या हनुवटीला लागत होती.